गोठ्यातली होडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की ती आधी तात्यांच्या नाकाखालून जायची. तात्या म्हणजे माझे वडील. तूप आलं, वास. बियाणं आलं, वास. पाहुण्यांनी पेढे आणले तर पाहुणे समोर बसलेले असतानाच तात्या पुडा नाकाजवळ नेत, क्षणभर डोळे मिटत आणि काही न बोलता आईकडे देत. तेवढ्या वेळात पाहुण्यांचा जीव टांगणीला लागायचा. उजनी धरणातली चिलापी मासळी घरी आली तर ते तिचे कल्ले उचलून आत बघत, डोळ्यावर बोट दाबत, आणि एवढं करूनही ताटात आल्यावर पहिला घास मांजराला टाकत. एसटीत शेजारचा माणूस जरा जास्त गोड बोलला की तात्या उठून जागा बदलत. त्यांचा विश्वास फक्त एका गोष्टीवर होता, आमच्या म्हशींच्या दुधावर, कारण धार ते स्वतः काढत. दूध संकलन केंद्रावर आमची किटली आली की दूध मोजून घेणारा सोपान झाकण उघडण्याआधीच मान हलवायचा, इतकं त्या दुधाचं नाव होतं.

आमचं घर पळसदेवच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत, उसाच्या फडांच्या मधोमध. सोलापूरकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर दिवसभर कानावर असायची, तिची इतकी सवय की एखाद्या वेळी रस्ता बंद पडला तर आई भाकरी थापता थापता थांबून कान द्यायची. संध्याकाळी वारा पाण्याकडून फिरला की शेवाळाचा ओलसर वास अंगणात यायचा. चुलीवर बाजरीची भाकरी फुगायची, लसणाच्या खर्ड्यानं ठसका लागायचा, आणि पलीकडं म्हशींच्या छपरातून तात्यांच्या धारेचा आवाज, आधी किटलीच्या बुडावर टणटण आणि मग फेसात मऊ. आता माझं नाक गेलं आहे. फायबरच्या कामातल्या रेझिनच्या वासात आयुष्य काढलं की असंच होणार, आणि मास्क लावायची अक्कल आम्हाला फार उशिरा आली. बारामतीच्या घरात दूध करपलं तरी मला कळत नाही, सून धावत येते तेव्हा कळतं. पण त्या संध्याकाळचे वास अजून जागच्या जागी आहेत, त्यांना नाक लागत नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, लोणी देवकरला एका कारखान्यात फायबरची झाकणं आणि टाक्या बनवायच्या खात्यात होता. एका सकाळी तो टेम्पोतून उतरला तो रेझिनची पिंपं घेऊनच. बरोबर पांढऱ्या कापडासारख्या दिसणाऱ्या काचेच्या मॅटचा गुंडाळा, खडूसारख्या पांढऱ्या भुकटीची पोती, ब्रश, रोलर आणि लहान लहान बाटल्या. तात्या अंगणात उभे होते.

"कारखान्यानं काढलं का तू सोडलं?"

"सोडलं, तात्या."

"म्हंजे काढलं."

दादा हसला, पण तात्या हसले नाहीत. दादाच्या डोक्यात होड्या होत्या. पळसदेवला मासे धरणाऱ्यांकडं तेव्हा पत्र्याच्या होड्या असत. त्या गंजायच्या, सांध्यातून गळायच्या आणि दर हंगामाला डांबर मागायच्या. फायबरची होडी हलकी, गंज नाही, सांधा नाही. मासळीचा व्यापार करणाऱ्या याकूबभाईंना दादानं ते पटवलं होतं, निदान अर्धं तरी पटवलं होतं. त्यांनी आपली एक जुनी होडी साच्यासाठी दिली आणि नवी जमली तर घेऊ असं म्हटलं. जमली तर, हे दोन शब्द त्यांनी जरा ठासून म्हटले होते.

ट्रॅक्टर आल्यावर आम्ही बैल विकले, तेव्हापासून जुना गोठा रिकामा पडला होता. दादानं तिथली गव्हाण काढली, भुई सारवून त्यावर फरशा टाकल्या, वरून धूळ पडू नये म्हणून छताला आतून ताडपत्री ताणली आणि पुढं लाकडी दार बसवून कडी लावली. दार लावूनच काम करावं लागे, कारण वाऱ्यानं उडालेली उसाची कुसळं ओल्या थरात बसत. पण बंद दारामागं काम करणारा माणूस तात्यांच्या दृष्टीनं चोरच. तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला धारेच्या वेळी जवळ बोलावलं. म्हशीच्या आडून, आवाज खाली घेऊन म्हणाले, "शकू, तू तितं बसत जा. काय करतूय ते डोळ्यांत तेल घालून बघ आन मला सांग. त्याला कळू दिऊ नको."

मी तेव्हा बारावी होऊन घरीच होते. स्थळं बघणं सुरू झालं होतं, आणि दर पंधरवड्याला कुणीतरी येऊन माझ्या हातचे पोहे खाऊन जात होतं. तेव्हा गोठ्यात बसायला मिळणार म्हटल्यावर मी एका पायावर तयार झाले. दार ढकलून आत गेले तर दादा होडीच्या पालथ्या बुडाला मेण चोळत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "तात्यांनी पाठवलं ना? मग रिकामी नको बसू. हे फडकं धर, आन तोंड दिसंस्तवर घास."

अशी मी हेर म्हणून गेले आणि हाताखाली लागले. आधी जुन्या होडीवरून साचा काढला, मग त्या साच्याच्या पोटात नवी होडी. मेण, त्यावर रंगीत जाड थर, तो चिकट असेपर्यंत मॅटचे तुकडे, त्यावर ब्रशनं रेझिन, आणि मग रोलर. रोलर फिरवायचं काम माझं. मॅटखाली हवेचा बुडबुडा राहिला तर पुढं तिथूनच पाणी शिरतं, म्हणून एकेक बुडबुडा हुसकून काठाला न्यायचा. दादाला वाटायचं झालं, आणि मला वाटायचं अजून एक आहे. उजेडाकडं तिरकी होऊन मी थर बघायचे, बोटानं दाबायचे, पुन्हा वाकून बघायचे. होताच तिथं एक. दादा म्हणायचा, "तात्यांचीच पोरगी." मला त्याचा राग यायचा नाही. आपल्या अंगातल्या खोडीला कुठंतरी काम मिळालं याचा मला आनंदच व्हायचा. काचेचे बारीक धागे हाताच्या लवेत घुसून भयंकर खाज सुटायची, आणि आई माझे कपडे वेगळे भिजवायची. मांडीवर हात घेऊन ती खोबरेल चोळायची आणि विचारायची, "पाहुण्यांनी हात बघितलं तर काय सांगू गं?" खरं सांगायचं तर मला त्या कामाचं वेड लागलं होतं, आणि कुणाच्या घरी जाऊन पोहे करण्यापेक्षा हा गोठा माझा असावा असं मला मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी तात्यांना बातमी द्यायची. ते एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारत, मी उत्तर बदलते का ते बघायला. पांढरी भुकटी कशाला घालतो? रेझिन दाट करायला. आणि रेझिन दाट कशानं होतं? त्या भुकटीनं. मग काही वेळ नुसती धार वाजायची. एका दुपारी उन्हाच्या तलखीत दादानं रेझिन घट्ट करणारं हार्डनर नेहमीच्याच मापानं घातलं आणि बादलीतलं रेझिन आपोआप तापून धुमसायला लागलं. आम्ही बादली ओढत अंगणात आणली. वर पिवळा धूर, आणि समोर तात्या उभे. त्या दिवसानंतर आम्ही उन्हं चढायच्या आत काम उरकू लागलो. पण पहाटे दार लावून काम करणं तात्यांना दुपारपेक्षाही वाईट वाटलं.

गावाला तर आयताच विषय मिळाला. रंगासारखा, वर थोडा गोडसर असा तो उग्र वास वाऱ्याबरोबर पार रस्त्यापर्यंत जायचा. पिंपं येतात, पांढरी पोती येतात, दार बंद असतं, आणि घर दुधाचं. बनावट दुधाच्या गोष्टी आमच्याकडं प्रत्येकानं ऐकलेल्या. लोक थेट काही विचारत नसत. बांधावरून जाताना चाल मंद करत. ताक न्यायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. आणि एक दिवस लांबच्या गावचा कुणी मोटरसायकलवरून आला, दादाला बाजूला घेऊन म्हणाला, "कुणाला सांगत न्हाय. फकस्त पावडरीचं परमाण सांगा." दादानं त्याला साचा दाखवला. तो डोळा मारून म्हणाला, "हां, होडीचं काम. झ्याक हाय." आणि निघून गेला.

त्याच सुमारास तात्यांना आणखी एक संशय आला. पडवीत सरकी पेंडीची पोती असत, आणि त्यांच्या हिशेबानं ती लवकर सरत होती. शेजारच्या नामदेव आबांची म्हैस हल्ली फार तकतकीत दिसते, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी गोठ्याच्या कडीला आपलं कुलूप लावलं आणि पोती आत नेऊन मागच्या भिंतीला रचली, कारण आमच्याकडं कडी असलेली तेवढी एकच जागा होती. किल्ली करगोट्याला. पहाटे कुलूप काढायचं, पेंड मोजून आईच्या पाटीत घालायची, संध्याकाळी पुन्हा बंद. एका किल्लीत चोर आणि मुलगा दोघांवर नजर, यावर ते खूश होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी केंद्रावर सोपाननं आमच्या किटलीचं झाकण उघडलं, आणि त्याची मान हलली नाही. मी तात्यांबरोबर होते. त्यानं वाकून वास घेतला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"तात्या, वास हाय."

"कसला?"

"तुमीच बघा."

तात्यांनी बघितलं. मागं किटल्या घेऊन माणसं उभी होती, त्यांत नामदेव आबाही होते. मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "पिपातलं आसंल." कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. सोपानचा आवाज मवाळ होता, पण त्यानं दूध घेतलं नाही. तात्यांनी किटली उचलली आणि सरळ घराकडं चालू लागले. आईनं ते दूध परड्याच्या कडेला ओतलं. संध्याकाळचंही तसंच परत आलं, आणि दुसऱ्या दिवशीचंही. दूध ओतताना आई तोंड फिरवायची. दूध भुईत मुरल्यावर बराच वेळ तिथं पांढरट डाग राहायचा.

तात्यांनी दादाला अंगणात बोलावलं. "दुधात काय घालतूस?"

"तात्या, मी होडी करतूय."

"गोठ्यात होडी. आन पाणी कुठं हाय?"

दादाचा चेहरा पडला. त्यानं उलट उत्तर दिलं नाही, आणि ते मला आवडलं नाही. तात्या माझ्याकडं वळले. "तू तितं असतीस. खरं सांग."

"दादा दुधाजवळ जात न्हाय," मी म्हटलं.

"तुलाबी वळवलं त्यानं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "येत्या बाजाराच्या आत ही पिंपं हितनं हालवायची. होडी, साचा, सगळं. माझं दूध मला परत पायजे."

पिंपं हलवायची कुठं? दुसरी जागा नव्हती. दादा पुन्हा कारखान्यात जाईल आणि मी पोह्यांकडं, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. होडी साच्यातून सुटायची बाकी होती. तळ मी एकटीनं घातला होता, दादा याकूबभाईंकडं गेला होता त्या सकाळी. त्या तळावर हात ठेवून मी गोठ्यात रडले. रडणं झाल्यावर राग आला, आणि राग आल्यावर माझ्यातलं तात्यांचं रक्त जागं झालं. वास दुधात शिरतो म्हणजे कुठून तरी शिरतो. मला आता सगळ्यांचा संशय येऊ लागला. दादानं चुकून ब्रश किटलीत धुतला असेल. आईनं गाळणीला माझ्या ओढणीचं फडकं घेतलं असेल. सोपानला कुणी भरीस घातलं असेल. तात्यांनी दादाला घालवायला मुद्दाम काही केलं असेल, इथपर्यंत माझी मजल गेली.

घरात वास घेऊन उपयोग नव्हता, तिथं सगळ्यालाच तो वास होता. म्हणून मी एकेक वस्तू पाण्याच्या बाजूच्या बांधावर, वाऱ्याच्या तोंडी नेली. किटली नेली, काही नाही. गाळणं नेलं, काही नाही. सड धुवायची बादली, तात्यांचा धारेचा पंचा, आईची हात धुवायची राखुंडी, सगळं नेऊन हुंगलं. नामदेव आबा पलीकडच्या वाफ्यातून माझ्याकडं बघत होते, पोरीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. शेवटी छपरात गेले. आमची चंद्री म्हैस टोपल्यापुढं उभी होती, भिजवलेल्या पेंडीत तोंड घालायची, बाहेर काढायची, फुरफुरायची, आणि भूक लागली म्हणून पुन्हा घालायची. मी एक मूठ पेंड उचलली आणि बांधावर गेले. नाकाजवळ नेली. रेझिनचा तो गोठाच नाकात शिरला.

मी तात्यांना हाक मारली नाही, जाऊन त्यांचा हात धरला. एवढी मोठी झाल्यावर मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता. बांधावर आणून त्यांच्या तळव्यावर ती पेंड ठेवली. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले. मग डोळे उघडून कितीतरी वेळ पाण्याकडं बघत राहिले. दुसरा हात करगोट्याच्या किल्लीवर होता.

"पोती म्या ठिवली," ते म्हणाले.

"व्हय."

"कुलूप बी म्या लावलं."



त्या दिवशी गाठोडंभर ठेवून बाकीची पेंड उकिरड्यावर गेली, नवी पोती पडवीत आली आणि कुलूप निघालं. आईनं तेव्हाच सहज सांगून टाकलं की गाभण रेडीला ती रोज ओंजळभर जादा पेंड घालत होती, तात्यांना विचारलं तर नाही म्हणतील म्हणून. तात्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं. दुधाचा वास जायला काही दिवस लागले. तो गेल्याची खात्री झाली तेव्हा तात्या किटली घेऊन केंद्रावर गेले, आणि दुसऱ्या हातात जुन्या पेंडीचं गाठोडं. मी मागोमाग गेले. सकाळची गर्दी होती. त्यांनी गाठोडं सोडून सोपानपुढं धरलं.

"ह्याचा वास घे. ही पेंड त्या पिपाशेजारी कोंडली व्हती. पोरानं न्हाय, म्या. चोरीला जाती आसं वाटलं म्हणून."

नामदेव आबा रांगेत होते. त्यांनी विचारलं, "कोण चोरतंय आसं वाटलं, तात्या?"

तात्यांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी सरळ आबांकडं बघितलं. "तुमी."

आबांनी आपली किटली खाली ठेवली, गाठोड्यातली पेंड हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "आन आमाला वाटलं तुमी पावडरीचं दूध करता." मग सोपाननं आमचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि मान हलवली. आबांच्या घरची लोटी त्याच दुपारी ताक न्यायला आमच्या दारात आली. संशय मात्र गावातून पूर्ण कधीच गेला नाही. आजही त्या बाजूचं कुणी माझ्या फायबरच्या शेडमध्ये आलं की पांढऱ्या पोत्यांकडं एकदा नजर टाकतं.

होडी साच्यातून सुटली ती बाजाराच्या आदल्या दिवशी. लाकडी पाचरी ठोकत, वरून पाणी सोडत आम्ही ती उचकटली, आणि कर्रर्र आवाज करून ती मोकळी झाली, निळीशार, गुळगुळीत. दादा आणि मी दोघांनीच ती उचलून ट्रॉलीत ठेवली. ती इतकी हलकी होती की मलाच तिचा भरवसा वाटेना. तात्यांनी ट्रॉलीभोवती फिरून तिला कलिंगडासारखं ठिकठिकाणी वाजवलं आणि ट्रॅक्टरवर बसले. येताना त्यांनी घरातून टायरची एक जुनी ट्यूब घेतली होती, हवा भरलेली. तात्यांना पोहता येत नव्हतं, आणि धरणाच्या काठी इतकी वर्षं काढून ते कधी पाण्यात उतरले नव्हते.

पळसदेवला पाणी उतरलं होतं. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं, त्यावर बगळे बसले होते. काठावर चिखल वाळून तडकलेला, जाळी सुकत घातलेली, आणि मासळीचा वास. याकूबभाई आणि त्यांची माणसं वाटच बघत होती. त्यांनी होडीवर टिचकी मारली. "पत्रा म्हंजे पत्रा. हे सूप वाजल्यागत वाजतंय." दुसरा म्हणाला, "मधी जाऊन मोडली म्हंजे?" दादा समजावू लागला, थर किती, कसे, आणि तो जितकं समजावत होता तितके त्यांचे चेहरे घट्ट होत होते. मला तात्यांची सगळी बिरादरी एका जागी भेटल्यासारखं वाटलं.

शेवटी याकूबभाई म्हणाले, "घरचं माणूस आधी बसू द्या. मंग आमी बसतो. आन पोरगा नको, तो तर बसणारच."

मग सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्या ट्यूब काखेत धरून उभे होते. चेहऱ्यावर तोच भाव, पेढ्याचा पुडा नाकाजवळ नेतानाचा. ते होडीजवळ आले, आत वाकले आणि तळावर सावकाश हात फिरवला.

"हा तळ कुणी घातला?" त्यांनी विचारलं.

दादा थोडा थांबला. बाईनं केलेल्या होडीत कोण बसणार, हे त्याच्या मनात आलं असणार, माझ्याही आलं. मग तो म्हणाला, "शकूनं."

तात्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घेतली नाही. त्यांनी काखेतली ट्यूब काढली, काठावर जाळ्याशेजारी ठेवली, धोतर वर खोचलं आणि होडीत पाय टाकला. होडी हलली, ते मटकन खाली बसले, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरले. थोड्या वेळानं मागं वळून म्हणाले, "तूबी ये. गळली तर इचारायला कुणी पायजे."

मी चपला काठावर काढल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.